जालना गाडीतला निरोप

भुजंगनं कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर आपटला आणि खिडकीबाहेरच्या रांगेला म्हणाला, "थांबा जरा, मशीन रुसलंय."

"तुजी बायको हाय का रं ती, रुसायला?" रांगेतनं कुणीतरी म्हणालं. पुढचे दोघं-तिघं हसले, मागचे हसले नाहीत, कारण रांग पार गेटच्या बाहेर पानटपरीपर्यंत गेली होती आणि सकाळपासून एकाचीही पावती फाटली नव्हती.

"ए मेंढक्या," भुजंगनं मागच्या काचेच्या खोलीकडं बघत हाक मारली, "ये की इकडं. तुजी मेंढरं आडवी पडलीत."

अंगद पळत आला. भुजंग त्याला मेंढक्याच म्हणायचा, प्रेमानं म्हणायचा, चारचौघांत म्हणायचा. अंगदच्या घरी मेंढ्या होत्या, हे सगळ्या दवाखान्याला त्यामुळंच माहीत होतं. स्क्रीनवर एकच ओळ खाली खाली उतरत होती, परमिशन डिनाइड, परमिशन डिनाइड, परमिशन डिनाइड.

झालं असं होतं की जुनी डिस्क जळाली, पुण्याहून नवी आली, अंगदनं टेपवर जपून ठेवलेलं सगळं तिच्यावर उतरवलं आणि उतरवताना शिक्के बिघडले. हे मशीनच वेगळं होतं. परभणीत तेव्हा जे थोडेफार कॉम्प्युटर आले होते, त्यांना एक मोठा साहेब असायचा, त्याला सगळं दिसायचं, आणि ज्यानं फाईल केली तो ती वाटेल त्याला दाखवू शकायचा. ट्रस्टच्या दवाखान्यातलं हे मशीन आबासाहेबांच्या इंजिनिअर पुतण्यानं पुण्याहून बांधून दिलेलं. आबासाहेब ट्रस्टचे अध्यक्ष. ह्या मशीनमध्ये प्रत्येक फाईलवर एक शिक्का आणि प्रत्येक माणसावर एक शिक्का. काउंटरचा शिक्का असला की पावत्या दिसणार, लॅबचा असला की रिपोर्ट दिसणार. जुळलं तर उघडणार, नाही तर नाही. लॅबच्या डॉक्टर सुमनबाई स्वतः म्हणाल्या की हा रिपोर्ट काउंटरवाल्याला दाखव, तरी मशीन दाखवायचं नाही. आणि जो अंगद ते मशीन सांभाळायचा, त्यालाही लॅबमधलं अक्षर दिसायचं नाही.

हे सांगताना त्याची छाती फुगायची. "मला बी न्हाई दिसत," तो म्हणायचा. "मंग तर झालं?"

एकदा त्यानं हे सगुणाबाईलाही समजावलं होतं, ती त्याच्या खोलीतली फरशी पुसत असताना. "मावशी, मानसावर बी शिक्का आन कागदावर बी शिक्का. कुनी काय बघायचं, कुठवर जायचं, समदं आधीच ठरल्यालं."

सगुणाबाईनं फडकं बादलीत पिळलं. "मंग ह्यात नवं काय हाय रं, लेकरा?" ती म्हणाली आणि पुढची फरशी पुसायला लागली.

पुण्याला फोन लागेपर्यंत दुपार झाली. रांगेतली निम्मी माणसं उन्हाला कंटाळून भिंतीला टेकून बसली होती.

"फायलींवरचे शिक्के चुकलेत," इंजिनिअर म्हणाला. "मशीन ढिलं कर. ढिलं असलं की ते कुणाला अडवत नाही, नुसतं लिहून ठेवतं, याला मी अडवलं असतं म्हणून. ते वाच, कुठला शिक्का चुकलाय ते बघ, दुरुस्त कर. आणि मग लगेच परत कडक कर. ऐकतोयस ना? ढिलं ठेवायची ही वस्तू नाही."

"न्हाई न्हाई, लगीच करतो."

एक कमांड. अंगदनं एंटर दाबलं आणि बाहेर प्रिंटर करकरला, पहिली पावती फाटली, भिंतीला टेकलेली माणसं उठून धोतरं झटकत परत रांगेत घुसली, भांडणं लागली, आणि त्या भांडणांचा आवाज त्याला लय गोड वाटला. संध्याकाळी आबासाहेबांची जीप आली. त्यांनी काचेच्या खोलीत डोकं घालून विचारलं, "ह्यानंच चालू केलं का?" आणि अंगदच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. असंच चालू राहू दे आता. बंद पडलं न्हाई पाहिजे."

आणि जाताना भुजंग म्हणाला, "येतो मग, अंगदसाहेब."

दुसऱ्या दिवशी अंगदनं पावत्यांचे शिक्के दुरुस्त केले. लॅबचे राहिले होते, वॉर्डाचे राहिले होते, औषधांचे राहिले होते. ते झाल्याशिवाय कडक केलं असतं तर परत रांग, परत परमिशन डिनाइड, परत मेंढक्या. तो विसरला नव्हता. रोज सकाळी मशीन चालू करताना त्याला आठवायचं आणि रोज तो म्हणायचा, अजून जरा होऊ दे.

त्यातच झरीच्या कमलबाई आल्या. म्हाताऱ्या, हातात पिशवी, साखरेचा रिपोर्ट पाहिजे होता आणि झरीची गाडी सुटायला आली होती. एरवी भुजंग म्हणायचा, डॉक्टरीणबाईची वाट बघा. त्या दिवशी त्यानं सवयीनं लॅबच्या नंबरचं बटण दाबलं, आणि पान उघडलं. भुजंगनं मान वळवून काचेतनं अंगदकडं बघितलं, भुवया उंचावल्या. अंगदनंही ते बघितलं.

"मावशी, साखर वाढलीया," भुजंग खिडकीतनं ओरडला. "गोड बंद. गुळाचा चहा बी बंद. पळा आता, गाडी जाईल."

कमलबाईंनी खिडकीतनं हात आत घालून त्याच्या गालावरनं फिरवला आणि पळाल्या. अंगद खुर्चीवरनं उठला होता, भुजंगला काहीतरी सांगायला. मग तो परत बसला. कुणाचं वाईट झालं होतं त्यात? म्हातारीला गाडी मिळाली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भुजंग दोन चहा घेऊन काचेच्या खोलीत आला. एक अंगदच्या पुढं ठेवला, दुसरा स्वतः बशीत ओतला.

"तुमचं बी एक काम करून टाकलं बघा, साहेब."

"माजं कोनतं?"

"तुज्या दाजीचं. मल्हारीचं. तुजी बहीण हितं बाळंत झाली तवा त्यानी रक्त दिलतं का न्हाई? त्या रक्तात दोष निघालाय." भुजंगनं आवाज खाली आणला. "त्यो एड्स का काय म्हनतेत, त्यो. इंग्रजीत लिव्हल्यालं हाय, पर मला कळतंय तेवढं. डॉक्टरीणबाई औरंगाबादला गेल्यात, त्या कवा येनार आन कवा सांगनार? तवर मानूस तसाच फिरायलाय. म्हनलं, आपला मानूस हाय, आपन न्हाई करायचं तर कोनी करायचं? सकाळच्या जालना गाडीच्या कंडक्टरला सांगितलं. फाट्यावर चांगुणाबाईच्या हॉटेलात टाक म्हनलं निरोप."

निरोप असेच जायचे. जालना गाडी परभणीहून निघायची, झरी, जिंतूर करत देवगाव फाट्यावर थांबायची, आणि कंडक्टर खाली न उतरता पायरीवरनंच हॉटेलाकडं तोंड करून ओरडायचा, अमक्याची म्हैस व्याली, तमक्याचा पोरगा पास झाला, मामा गेले, मातीला या. हॉटेलात जो असेल तो ऐकायचा, जो त्या बाजूला जाणारा असेल तो पोचवायचा. पोचला नाही असा निरोप कुणाला आठवत नव्हता. आणि निरोप झाकून न्यायची वस्तू असते, हेही कुणाला कधी वाटलं नव्हतं.

"काय सांगितलंस त्याला?" अंगदनं विचारलं. "नेमकं?"

"जे लिव्हलंय तेच की."

अंगदच्या कपातला चहा टेबलावर सांडला आणि टेबलाच्या कडेवरनं त्याच्या पॅन्टवर गळायला लागला, तरी तो हलला नाही.

"का रं?" भुजंग म्हणाला. "वाईट केलं का मी?"

अंगदनं कीबोर्ड ओढला आणि मशीन कडक केलं. एवढीच कमांड, एवढाच एंटर. जणू इकडं कडी घातली की गेलेली गाडी तिकडं थांबणार होती. बाहेर लगेच वॉर्डातनं ओरडा सुरू झाला, मशीन चालेना म्हणून. तो तसाच पळत सुटला, चपला आत राहिल्या, स्टॅंडवर पोचला तेव्हा जालना गाडीच्या जागेवर एक कुत्रं झोपलं होतं. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, ती तर पार मंठ्याला पोचली असंल.

आणि दुसऱ्या दिवशी सगळंच बंद झालं. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली, गाड्या डेपोत लागल्या, बाजाराची शटरं खाली आली, रस्त्यावर टायर जळायला लागले. सगुणाबाई मात्र कामाला आली. तिनं पदराच्या गाठीतनं पेढा काढून अंगदच्या हातावर ठेवला.

"आमच्या गल्लीत पेढे बी वाटायलेत," ती म्हणाली, "आन दारं बी लावून घ्यायलेत."

अंगदनं पेढा हातातच धरला. मग विचारलं, "मावशी, देवगाव फाट्याला काय जातंय का गं?"

"आज?" तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. "आज मानूस सोताच्या गल्लीत जाईना झालंय, बाबा."

गाड्या सुरू व्हायच्या आधीच तो एका कापसाच्या ट्रकवर बसून निघाला. वर गठाणींवर, वाऱ्यात, कानाला मफलर बांधून. फाट्यावर उतरला तर चांगुणाबाई भट्टीपुढं बसली होती. तिनं त्याला ओळखलं, केवळाबाईचा भाऊ म्हणून, आणि ओळखल्याबरोबर बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाली, "तितं नगो, बाबा. ह्या लिंबाखाली बस."

चहा तिनं कान तुटलेल्या कपात दिला.

"मल्हारीनं ज्या गिलासात च्या पेला त्यो म्या फोडला," ती म्हणाली. "राग धरू नगंस. गिऱ्हाईक येईना झालं. मला बी पोट हाय."

"दाजींना कुनी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? त्यो हितंच बसला हुता." तिनं बाकड्याचं टोक दाखवलं. "गाडी लागली, कंडक्टरनं पायरीवरनंच वरडून सांगितलं. ऊसतोडीचा ट्रक उभा हुता, ही येवढी मानसं. मल्हारीला सांगा म्हनं, रक्तात एड्स निघालाय, डॉक्टरनं बलीवलंय. समद्यांनी माना वळवल्या."

"काय म्हनले दाजी?"

"काय न्हाई. च्या पुरा पेला. गिलास हितं आनून ठिवला, पैसं ठिवलं. गेला."

दाजींची वाडी फाट्यापासून आत होती. रस्त्यात किशनरावांचं रान लागलं. दरसाल मल्हारीच्या मेंढ्या त्या रानात बसायच्या, रानाला खत मिळायचं आणि मल्हारीला वर्षाची ज्वारी. ह्या साली मेंढ्यांभोवती वाघुरीचं जाळं ठोकलेल्या मेखांची भोकं तेवढी राहिली होती आणि मधोमध लेंड्यांचा अर्धाच काळा पट्टा.

घरापुढं त्याची बहीण केवळाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची सासू भिवराबाई लांब, गोठ्याच्या दाराशी, मांडीवर पोर घेऊन त्याच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पिळत होती. पोर तोंड फिरवून रडत होतं, आणि ते रडलं की केवळाबाईचे खांदे पुढं यायचे. तिची छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधलेली होती, दूध आटावं म्हणून. पट्टी दोन जागी ओली झाली होती.

"दाजी कुठं हायत?"

"गेलं. मेंढ्या घिऊन."

"कुनीकडं?"

"जितं कंडक्टर वळखत न्हाई तिकडं, म्हनले."

भिवराबाईनं मान वर केली नाही. "किशनराव वाईट बोलला न्हाई आमास्नी," ती पोराला सांगितल्यासारखं म्हणाली. "त्यो येवढंच म्हनला, मेंढ्या उठवा. पान्यावरच्या बाया बी वाईट बोलल्या न्हाईत. येवढंच म्हनल्या, समद्यांचं झाल्यावर येत जा."

"मामी, पोराला तिच्याजवळ तरी..."

"एक तर राहू दे मला," भिवराबाई म्हणाली.

केवळाबाई भावाकडं बघत होती. रागानं नाही. कोडं घातल्यासारखं.

"दादा, तू तर तितंच असतुस. तुला आदी ठावं हुतं?"

"न्हाई गं. मला दिसतच न्हाई ते. माजा शिक्का..." तो थांबला.

"मंग कंडक्टरला कसं ठावं झालं?"

पोर रडत होतं. अंगदनं गळ्यातला मफलर काढला, घडी केली, परत उलगडला.

सुमनबाई औरंगाबादहून परत आल्या त्या दिवशी अंगद त्यांच्या दारात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, ढिलं केल्यापासून फाट्यापर्यंत, मध्ये कुठंही श्वास न घेता. त्या ऐकत होत्या.

"पहिली तपासणी म्हणजे चाळणी असते, अंगद," त्या शेवटी म्हणाल्या. "तिच्यात खडा पण अडकतो आणि जाड दाणा पण अडकतो. काय अडकलंय ते दुसऱ्या तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून तो शिक्का होता. तोवर कुणी वाचू नये म्हणून. मी औरंगाबादला कशाला गेले होते असं वाटलं तुला?"

"दुसरी... झाली का बाई?"

"झाली."

अंगद वाट बघत राहिला. सुमनबाईंच्या पुढचा स्क्रीन त्यांच्याकडं होता, त्याच्याकडं पाठ.

"मल्हारीला घेऊन ये. त्याचं आहे, त्यालाच सांगणार."

"त्ये कुठं हायत कुनालाच ठावं न्हाई."

"मग शोध."

तो काचेच्या खोलीत येऊन बसला. भुजंग मागोमाग आला आणि दारातच उभा राहिला. तो त्या दिवसापासून स्टॅंडकडं गेला नव्हता, घरी झरीलाही दुसऱ्याच्या स्कूटरवर जात होता. दाढी वाढली होती.

"आलाय न्हवं दुसरा रिपोर्ट?" तो म्हणाला. "मशीनमधीच हाय न्हवं? एकडाव ढिलं कर की, अंगद. येकच डाव. चांगला असंल तर आत्ता सांगू समद्यांना, फाट्यावर जाऊन मी सोता वरडतो. तुज्याच तर हातात हाय."

अंगदनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसला. "न्हाई."

"मी वाईटासाठी केलं का रं?"

"न्हाई," अंगद म्हणाला. "मी बी न्हाई."

मग लॅबच्या दारातनं सुमनबाईंची हाक आली. तो गेला. त्या चष्मा पुसत होत्या.

"मूल कुणाच्या दुधावर आहे?"

"शेळीच्या. सासू देईना. बहिनीनं छाती बांधून घेतलीया."

चष्म्यावरचा हात थांबला. "कधीपासून?"

"संक्रांतीपासनं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं, त्याचं एक चाक करकर वाजत होतं, ते पार वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू आलं. सुमनबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"सोडायला सांग," त्या म्हणाल्या. "पट्टी. आणि मुलाला अंगावर लाव म्हणावं, आजच. दूध येणार नाही कदाचित. तरी लाव म्हणावं." मग त्या स्क्रीनकडं वळल्या आणि टाईप करायला लागल्या. "बाकी मी तुला काही बोललेले नाही."

अंगद तिथंच उभा होता. त्या परत म्हणाल्या, "गाडी कितीला आहे?"

जालना गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून शेंगा खात होता, तोच. त्यानं अंगदला बघितलं, दवाखान्यातला माणूस म्हणून ओळखलं आणि टरफलं खाली टाकत म्हणाला, "बोला साहेब, निरोप हाय का काय? टाकतो की फाट्यावर."

"न्हाई."

"लाजू नका. आपलं रोजचंच हाय."

अंगद त्याच्या बाजूनं वर चढला आणि खिडकीजवळ बसला. "तिकीट द्या," तो म्हणाला. "फाटा."

झरी गेलं, जिंतूर गेलं. रान रिकामं होत चाललं तसे रस्त्याच्या कडेला मेंढ्यांचे कळप दिसायला लागले, आणि प्रत्येक कळपाला अंगद सीटवरनं अर्धा उठायचा, काचेला कपाळ लावायचा, मागं काठी घेतलेल्या माणसाचं तोंड दिसेपर्यंत तसाच राहायचा आणि मग बसायचा.

"कुनाला बघायलाव?" कंडक्टरनं विचारलं. "नाव सांगा की. मी विचारतो म्होरं."

अंगदनं नाव सांगितलं नाही. पुढचा कळप दिसला तसा तो परत उठला.